डेलोसचे अवशेष पाहताना: अनेक देशांचे लोक नेमके कुठे दिसतात?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: सप्टेंबरमध्ये ग्रीसमधील मिकोनोस बेटावर चार दिवस मुक्काम आहे, त्यातील एक सकाळ जवळच्या डेलोस बेटासाठी राखून ठेवली आहे आणि सोबत सत्तरीच्या सासूबाई आहेत. डेलोस हे अनेक देशांतील लोकांनी गजबजलेले प्राचीन शहर होते असे आपण वाचले, परंतु तेथे जाऊन आलेल्या आपल्या स्नेह्यांना मात्र संगमरवरी सिंह आणि गुडघाभर उंचीच्या भिंती यांपलीकडे काही दिसले नाही. तेव्हा तीन तास पुरतील का, मार्गदर्शक घ्यावा का आणि काय पाहावे, असे आपण विचारता.

प्राचीन ग्रीक नगरांच्या अवशेषांवर अभ्यासगट घेऊन जाणे हा माझा व्यवसाय आहे आणि डेलोसबद्दलची ही तक्रार मला नवी नाही. माझ्या मते खरी अडचण वेळेची नाही. बहुसांस्कृतिक शहर म्हटले की इजिप्तच्या लोकांची आळी वेगळी, सीरियनांची वेगळी, रोमनांची वेगळी आणि प्रत्येकाची घरे आपापल्या धाटणीची, असे चित्र मनात धरून आपण जातो. डेलोसवर तसे काही नाही. बैरूतचा व्यापारी असो, इटलीतून आलेला असो की अथेन्सचा, ज्याला परवडले त्याने जवळजवळ एकाच नमुन्याचे घर बांधले: मधोमध खांबांनी वेढलेला चौक, चौकाखाली पावसाच्या पाण्याची टाकी, भोवती खोल्या, ऐपत असेल तर जमिनीवर खड्यांचे किंवा रंगीत दगडी तुकड्यांचे चित्र. शिलालेखही बहुतांशी ग्रीक भाषेतच आहेत. त्यामुळे भिंतींकडे कितीही वेळ पाहिले तरी कोण कुठला हे कळत नाही. ते कळते घराच्या उंबऱ्याशी, देवस्थानात आणि व्यापारी मंडळांच्या वास्तूंत. नजर या तीन ठिकाणी गेली, तर तीन तासांतही पुष्कळ हाती लागते. न गेली तर दिवसभर हिंडूनही आपले स्नेही म्हणतात तेच खरे ठरते.

हे असे का झाले ते समजण्यासाठी थोडा इतिहास अपरिहार्य आहे. अपोलो आणि आर्टेमिस या ग्रीक देवतांचे जन्मस्थान म्हणून डेलोस फार जुन्या काळापासून पवित्र मानले जात होते. इ. स. पू. ४२६ मध्ये अथेन्सने बेटाचे 'शुद्धीकरण' केले, म्हणजे सर्व थडगी उकरून अवशेष शेजारच्या रिनिया बेटावर हलवले, आणि यापुढे डेलोसवर कोणाचा जन्म वा मृत्यू होऊ नये असा नियम घातला. या उत्खननाबद्दल ग्रीक इतिहासकार थ्यूसिडिडीसने एक मार्मिक नोंद केली आहे. उघडलेल्या थडग्यांपैकी निम्म्याहून अधिक कॅरियन, म्हणजे आजच्या तुर्कस्तानच्या नैऋत्य भागातील लोकांची निघाली आणि हे ओळखले गेले ते सोबत पुरलेल्या शस्त्रांवरून व दफनाच्या पद्धतीवरून. परका माणूस ओळखायचा तो त्याच्या विधींवरून, ही रीत म्हणजे आमच्या विद्याशाखेचा अलीकडचा शोध नव्हे.

आज आपण जे शहर पाहता ते मात्र प्रामुख्याने त्यानंतरचे, इ. स. पू. दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धातील आणि पहिल्या शतकाच्या आरंभीचे आहे. इ. स. पू. १६६ च्या सुमारास रोमने हे बेट अथेन्सच्या स्वाधीन केले, बंदर करमुक्त केले आणि मूळच्या डेलोसवासीयांना बेट सोडून जावे लागले. ही गोष्ट प्रवासपुस्तिकांमध्ये एका ओळीत उरकली जाते. मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते. येथून पुढे या शहरात 'मूळचे' म्हणावेत असे लोक जवळपास उरलेच नाहीत. कारभार अथेन्सचा, पैसा मोठ्या प्रमाणात इटलीकरांचा, माल सीरिया, फिनिशिया (आजच्या लेबनॉन-सीरियाचा किनारा) आणि इजिप्तच्या दिशेने येणारा, आणि प्रत्येक जण बाहेरून आलेला. मूळ वस्ती एका बाजूला आणि तिच्या कडेला परक्यांचे मोहल्ले, अशी मांडणी येथे शोधू नये ती यासाठी. करमाफीचा परिणाम किती झपाट्याने झाला हे ऱ्होड्सच्या तक्रारीवरून दिसते: आपल्या बंदराचे उत्पन्न १० लाख द्राख्मांवरून दीड लाखावर घसरले, असे गाऱ्हाणे ऱ्होड्सच्या दूतांनी रोमच्या सेनेटपुढे मांडल्याचे ग्रीक इतिहासकार पॉलिबियस सांगतो. इ. स. पू. १४६ मध्ये रोमनांनी कोरिंथ उद्ध्वस्त केल्यावर तेथील व्यापारही डेलोसकडे वळला.

आता प्रत्यक्ष फेरीविषयी. बोटीतून उतरल्यावर बहुतेकांचे पाय आपोआप डावीकडे, मंदिरे आणि सिंहांच्या दिशेने वळतात. मी गटाला आधी उजवीकडे, नाट्यगृहाच्या वस्तीत नेतो. तिकडे चढ आहे आणि तो उन्हे तापण्याआधी संपवलेला बरा, हे एक कारण. आणि शहर कशावर जगत होते ते कळल्याशिवाय मंदिरांकडे जाण्यात अर्थ नाही, हे दुसरे. वळण्यापूर्वी धक्क्याजवळच एक फरसबंद चौक लागतो, तो काँपेटॅलियास्टांचा. हे रोमन मालकांचे गुलाम आणि मुक्त झालेले गुलाम. चौरस्त्यांचे रक्षण करणाऱ्या 'लारेस' या रोमन देवतांचा उत्सव ते करीत आणि त्यांनी अर्पण केलेल्या वास्तूंचे अवशेष येथे आहेत. बेटावर पाऊल ठेवताच जे पहिले परके भेटतात ते कोणी धनिक नाहीत, गुलाम आहेत, हे लक्षात ठेवून पुढे जावे.

वस्तीतील अरुंद दगडी रस्त्याने चढताना क्लिओपात्राचे घर लागते. ही इजिप्तची राणी नव्हे. अथेन्सच्या या गृहिणीने आपला पती डायोस्क्युरिडीस याने इ. स. पू. १३८-१३७ मध्ये अपोलोला वाहिलेल्या चांदीच्या तिवयांची आठवण म्हणून दोघांचे पुतळे घरात उभारले. चौकात शिरताच समोर दिसणारी ती शिरविहीन जोडी म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्यांना आपली प्रतिष्ठा दाखवण्याची त्या काळची सोय होती. जवळच डायोनिससचे घर आहे. वाघावर आरूढ झालेल्या पंखधारी आकृतीचे तेथील जमिनीवरचे चित्र प्रसिद्ध आहे आणि ते योग्यच आहे. परंतु आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने मी त्रिशूळाच्या घरापाशी अधिक वेळ थांबतो. तेथील चौकाच्या खांबांवर बैल आणि सिंह यांची शिल्पे होती. सिंह हे सीरियन देवी अतारगातिसचे आणि बैल हे तिचा सहचर हदाद याचे चिन्ह असल्यामुळे, या घराचा मालक सीरियाकडील असावा असे अनेक अभ्यासक मानतात. घराचा आराखडा पूर्णपणे ग्रीक, जमिनीवर डॉल्फिन आणि नांगर, आणि खांबांवर मात्र मायदेशीचे देव!

याहून स्पष्ट खूण हवी असेल तर नाट्यगृहाच्या वर, आणखी थोडे चढून, डॉल्फिनांच्या घरापर्यंत जावे. चौकातील चित्रावर कारागिराची सही आहे. नाव ॲस्क्लेपियाडीस, गाव अराडोस, म्हणजे फिनिशियाच्या किनाऱ्यावरचे. हे चित्र सर्व जण पाहतात. त्याआधी ओलांडलेल्या प्रवेशमार्गाच्या जमिनीकडे मात्र फारसे कोणी पाहत नाही. तेथे त्रिकोणावर आडवी रेघ आणि तिच्यावर वर्तुळ, अशी तानित या फिनिशियन देवतेची खूण बसवलेली आहे. आत येणाऱ्या ग्रीक पाहुण्याला ती निव्वळ नक्षी वाटली असेल, परंतु फिनिशियनाला घर कोणाचे ते तत्काळ कळले असेल. अशाच रीतीने काही घरांच्या दाराबाहेर, वेदीच्या वरच्या भिंतीवर, टोगा हे रोमन वस्त्र नेसून, रोमन पद्धतीने डोके झाकून यज्ञ करणाऱ्यांची चित्रे सापडली. ती घरे इटलीकरांची. उंबऱ्याशी पाहा असे मी वर म्हटले ते याच अर्थाने.

नाट्यगृहात साधारण ५,५०० प्रेक्षक बसत. त्याच्या पायथ्याशी कमानी असलेली मोठी टाकी आहे, बसण्याच्या पायऱ्यांवरून वाहणारे पावसाचे पाणी तीत साठवले जाई. बेटावर पाण्याचे इतके दुर्भिक्ष होते की नाट्यगृहाचा उतारही वाया जाऊ दिला नाही.

तेथून किन्थॉस टेकडीच्या दिशेने गेले की परदेशी देवांची स्थाने सुरू होतात, आणि माझ्या मते डेलोसला जाण्याचे खरे कारण येथे आहे. इजिप्तच्या सेरापिसची येथे तीन स्थाने होती. त्यांपैकी सर्वांत जुन्या आणि लहान स्थानाची कथा एका स्तंभावर कोरलेली सापडली आहे. मेम्फिसचा अपोलोनिओस नावाचा पुजारी आपला देव बरोबर घेऊन डेलोसला आला. देवाची पूजा कित्येक वर्षे भाड्याच्या जागेत चालली. पुढे त्याच्याच नावाच्या नातवाच्या स्वप्नात देव आला आणि त्याने सांगितले की आता भाड्याच्या जागेत राहणे पुरे, मला स्वतःचे मंदिर हवे. बाजारपेठेच्या वाटेवर विक्रीची पाटी लागलेली जागा घेण्यात आली आणि सहा महिन्यांत मंदिर उभे राहिले. मग मत्सराने पेटलेल्या काहींनी दावा ठोकला. परंतु न्यायालयात देवाने त्यांची वाचाच बंद केली आणि निकाल पुजाऱ्याच्या बाजूने लागला. यातील चमत्कार बाजूला ठेवला तरी स्थलांतरिताचा सारा प्रवास येथे क्रमाने दिसतो: भाड्याची खोली, तिसऱ्या पिढीत स्वतःची जागा, शेजाऱ्यांचा आक्षेप, कोर्टकचेरी. एवढ्यावरही प्रकरण मिटले नाही. अथेन्सची सत्ता आल्यावर देवस्थान बंद पाडण्याचा प्रयत्न झाला, तेव्हा डेमेट्रिओस नावाचा पुजारी थेट रोमला गेला आणि त्याने इ. स. पू. १६४ च्या सुमारास सेनेटकडून स्थान चालू ठेवण्याची परवानगी मिळवली. इजिप्तचा देव, ग्रीक बेट, अथेनियन अधिकारी आणि रोमचा आदेश. या शहराचे बहुसांस्कृतिकपण असे कागदोपत्री, हक्कासाठी भांडत चाललेले होते, आणि उत्सवी वर्णनांपेक्षा हे मला अधिक विश्वसनीय वाटते.

याच उतारावर वरच्या बाजूला आयसिसच्या मंदिराचा दर्शनी भाग पुन्हा उभा केलेला आहे आणि आत देवीची शिरविहीन मूर्ती आहे. मंदिर इजिप्तच्या देवीचे, खांब मात्र डोरिक या ग्रीक धाटणीचे. शेजारी सीरियन देवांचे स्थान आहे आणि त्यात भक्तांसाठी बांधलेले छोटेसे नाट्यगृह. आधीच्या घरातील सिंह आणि बैल आठवत असतील तर त्यांच्या देवता आपल्याला येथे भेटतात.

किन्थॉसचा माथा सुमारे ११२ मीटर उंच आहे. वर जाणे अनिवार्य नाही. वारा असेल तर मी गटाला नेतही नाही.

खाली उतरून उत्तरेकडे आले की इटलीकरांचा चौक लागतो. ही डेलोसवरील सर्वांत मोठी वास्तू, आणि ती कशासाठी होती यावर अभ्यासकांचे आजही एकमत नाही. हा गुलामांचा बाजार होता असे एक मत आहे. इटलीकरांची व्यायामशाळा आणि भेटीगाठींची जागा होती असे दुसरे. मार्गदर्शकाने यांपैकी एक मत ठामपणे सांगितले तर ते थोडे सावधपणे घ्यावे. डेलोसवर गुलामांचा प्रचंड व्यापार चाले हे मात्र निर्विवाद आहे. एका दिवसात दहा-दहा हजार गुलाम उतरवून घेण्याची आणि पुढे पाठवण्याची या बंदराची क्षमता होती, असे प्राचीन भूगोलकार स्ट्रेबोने लिहिले. आकडा अलंकारिक असेल, परंतु या शहरात आलेल्यांपैकी असंख्य माणसे स्वेच्छेने आलेली नव्हती, एवढे त्यातून निश्चित होते. त्यांच्या नावाचे घर नाही की मंदिर नाही.

जवळच बैरूतच्या पोसायडनभक्तांच्या मंडळाची वास्तू आहे. व्यापारी, जहाजमालक आणि वखारवाले यांचे हे मंडळ. एकाच छताखाली सभा, व्यवहार आणि पूजा चाले. आपल्या गावच्या देवांना त्यांनी ग्रीक नावे दिली आणि त्यांच्या शेजारी रोम नगराचे रूप मानलेल्या रोमा देवीचीही मूर्ती बसवली, कारण व्यापाराला संरक्षण कोणाचे आहे हे त्यांना पुरेपूर ठाऊक होते. नॅक्सोसवासीयांनी इ. स. पू. सातव्या शतकात अर्पण केलेले ते प्रसिद्ध सिंह येथून हाकेच्या अंतरावर आहेत. बाहेर दिसतात त्या प्रतिकृती. मूळ सिंह संग्रहालयात हलवले आहेत. त्यांच्यासमोरचे पवित्र तळे हिवतापाच्या भीतीने १९२५-२६ मध्ये बुजवण्यात आले, म्हणून आता तेथे खोलगट जमीन आणि एक ताडवृक्ष एवढेच आहे.

सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचे प्रार्थनास्थळ, पाहायचे असल्यास ते मुख्य अवशेषांपासून दूर, पूर्व किनाऱ्यावर आहे आणि तीन तासांच्या फेरीत ते बसत नाही. ती वास्तू खरोखर सिनेगॉग होती का यावर वाद आहे, परंतु तिच्या जवळ सापडलेल्या दोन शिलालेखांत पॅलेस्टाइनमधील आपल्या पवित्र गेरिझीम पर्वताला वर्गणी पाठवणारे 'डेलोसचे इस्रायली', म्हणजे ज्यूंशी नाते असलेल्या समारिटन पंथाचे लोक, स्वतःचा उल्लेख करतात. दक्षिण अरबस्तानातील मईन राज्याच्या दोघांनी वद्द या आपल्या देवाला वाहिलेली वेदीही बेटावर सापडली असून तिच्यावर त्यांच्या लिपीत आणि ग्रीकमध्येही मजकूर आहे. धूपाच्या व्यापारातील माणसे कुठवर पोहोचली होती याची ही खूण.

या सगळ्याचा शेवट लवकर झाला. इ. स. पू. ८८ मध्ये काळ्या समुद्राकाठच्या पाँटस राज्याचा राजा मिथ्रिडेटीस याच्या सैन्याने बेट लुटले आणि विशेषतः इटलीकरांची कत्तल केली, इ. स. पू. ६९ मध्ये चाच्यांनी पुन्हा हल्ला केला. व्यापाराचे मार्गही बदलत गेले आणि शहर ओस पडले. पुढे त्याच्यावर दुसरे मोठे शहर उभे राहिले नाही, म्हणूनच १८७३ पासून फ्रेंच पुरातत्त्वज्ञांना रस्ते आणि घरे सलग उघडी करता आली. १९९० मध्ये युनेस्कोने संपूर्ण बेट जागतिक वारसा म्हणून घोषित केले.

आता परिस्थितीवर अवलंबून असलेल्या गोष्टी. पहिली म्हणजे वारा. जुलै-ऑगस्टमध्ये उत्तरेचा मेल्टेमी वारा जोरात असतो आणि सप्टेंबरच्या आरंभीही तो टिकू शकतो. वारा वाढला की बोटी रद्द होतात. बेटावर मुक्कामाला परवानगी नाही, त्यामुळे मिकोनोसहून साधारण अर्ध्या तासाचा बोटीचा प्रवास हाच मार्ग उरतो. आपल्याकडे चार दिवस आहेत, तर डेलोस पहिल्या किंवा दुसऱ्या दिवशी ठेवावे. बोट रद्द झाली तरी पुढचे दिवस हाताशी राहतात. बोटींच्या आणि स्थळाच्या वेळा ऋतूनुसार बदलतात. त्या, तसेच संग्रहालय उघडे आहे की नाही हे, आदल्या दिवशी जुन्या बंदरावरच विचारून घ्यावे. शक्य तर सकाळची पहिली बोट धरावी आणि परतीची शेवटची बोट किती वाजता आहे ते उतरतानाच पाहून ठेवावे.

दुसरी गोष्ट सासूबाईंची. बेटावर सावली जवळपास नाही, जमीन खडबडीत आहे आणि नाट्यगृहाच्या वस्तीतील दगड झिजून गुळगुळीत झाले आहेत. त्यांचे गुडघे साथ देत नसतील तर धक्का, काँपेटॅलियास्टांचा चौक, अपोलोचे क्षेत्र, सिंह आणि संग्रहालय एवढा तुलनेने सपाट भाग त्यांच्यासोबत सावकाश पाहावा आणि आपल्यापैकी एकाने वस्ती व परदेशी देवांची स्थाने आधी उरकून घ्यावीत. त्यांना चालवत असेल तर क्लिओपात्राच्या घरापर्यंतचा चढ फार नाही. पाणी, टोपी आणि घट्ट तळव्यांचे बूट सर्वांनीच घ्यावेत. भिंतींवर चढू नये. पहारेकरी शिट्टी वाजवतात आणि त्यांचे बरोबरच आहे.

तीन तासांत वर सांगितलेले सर्व, सिनेगॉग आणि टेकडीचा माथा वगळता, मध्यम गतीने होते. दोनच तास मिळाले तर सिंहांना पाच मिनिटे द्यावीत आणि डॉल्फिनांच्या घरापाशी घाई करू नये. मार्गदर्शकाबाबत माझे मत असे की पहिल्याच भेटीला तो घ्यावा, पण परवानाधारक आणि लहान गटाचा. आणि सुरुवातीलाच त्याला सांगावे की आम्हाला अपोलोच्या जन्मकथेपेक्षा सेरापिसच्या स्थानांत अधिक रस आहे. मोठ्या गटांच्या दीड तासांच्या फेऱ्या सहसा तेथवर जात नाहीत. तशी फेरी घ्यावीच लागली तर ती संपल्यावर स्वतंत्रपणे वर जाण्याइतका वेळ परतीच्या बोटीआधी ठेवावा.

आणि चारही दिवस बोट सुटलीच नाही, तर परतीच्या वाटेवर अथेन्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात जावे. बैरूतकरांच्या मंडळाच्या वास्तूत सापडलेले अफ्रोडायटी, पॅन आणि इरॉस यांचे संगमरवरी शिल्प तेथे आहे, इ. स. पू. १०० च्या सुमाराचे. पायाशी अर्पणलेख आहे, आणि त्यात बैरूतचा डायोनिसिओस हे शिल्प आपल्या पितृदेवांना वाहत असल्याचे सांगतो.